आज रात्री ठीक १० वाजता : अर्थशास्त्र

पुरोगामी अर्थशास्त्राचं नवं पुस्तक निघालं की मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाखाली एक ओळ हमखास असते : ‘सामान्य वाचकांसाठी, सोप्या भाषेत’. ही ओळ पुण्यात छापतात, आणि पंचाईत अशी की पुण्यात सामान्य वाचक राहत नाही. तिथे ज्याला विचाराल तो जाणकार. मुंबईत सामान्य माणूस भरपूर आहे, पण तो लोकलमध्ये उभा असतो आणि त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. म्हणून प्रचाराला निघालेला लेखक पूर्वेकडे सरकू लागतो. नागपूरचा माणूस त्याचं ऐकून घेण्याआधी त्याला सावजी खाऊ घालतो. त्यानंतर दोघांपैकी एकही जण अर्थशास्त्रावर बोलण्याच्या स्थितीत राहत नाही. मग लेखक आणखी पूर्वेला सरकतो, आणि महाराष्ट्र संपायला येतो तेव्हा गडचिरोली लागते. पलीकडे छत्तीसगड, खाली तेलंगण. सामान्य वाचक इथेही सापडला नाही, तर मराठी प्रकाशन व्यवसायाच्या हद्दीत तो सापडायची आशा नाही.

गडचिरोलीत चार माणसं पुस्तकं वाचतात असा बाहेर समज आहे. त्या चारांतला एक म्हणून माझा फोन नंबर फिरत असतो. दरसाल एखादा लेखक फोन करतो. संभाषण ठरलेलं असतं.

“आम्हाला तळागाळातले श्रोते हवे आहेत. आदिवासी, मजूर, स्त्रिया. मिळतील ना?”

“मिळतील. कधी येताय?”

“मे महिन्यात. आमच्या कॉलेजला सुटी असते.”

“मे महिन्यात श्रोते जंगलात असतात.”

“जंगलात? काय करतात तिथे?”

“अर्थशास्त्र.”

यात चेष्टा नाही. आमच्याकडे श्रोत्यांचं वेळापत्रक जंगल ठरवतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडतं. पहाटे टोपली घेऊन झाडाखाली गेलं नाही, तर ते गाईगुरं नाहीतर हरणं गोळा करतात, आणि हरणं ग्रामसभेला हिशेब देत नाहीत. मे महिन्यात तेंदूपत्ता. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आसपास धानाची कापणी, मग मळणी. ऐन उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि टीव्हीवर आमचा भाग देशभर दिसतो. तेवढी प्रसिद्धी अर्थशास्त्राच्या एकाही पुस्तकाला मिळालेली नाही.

तरी लेखक येतोच. हॉल ठरतो, फलक लागतो, दीपप्रज्वलन होतं. पुढे शाल आणि श्रीफळ. अर्थशास्त्राच्या कार्यक्रमात खरं अर्थशास्त्र कुठे असेल तर ते या शालीत. अर्व्हिंग फिशर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलं की नुसता पैसा किती आहे हे पाहून भागत नाही, तो हातोहात किती वेगानं फिरतो हेही पाहावं लागतं. गडचिरोली शहरात शाली मोजक्याच आहेत, पण त्यांचा चलनवेग अफाट आहे. प्राचार्यांना मिळालेली शाल पुढच्या आठवड्यात तहसीलदारांच्या खांद्यावर, तिथून निवृत्त मुख्याध्यापकांकडे, तिथून परत कॉलेजात. कोणी ती अंगावर घेऊन झोपला, तर चलनाची साखळीच तुटेल. नारळाचं तसं नाही. नारळ फुटतो, म्हणून तो उपभोग्य वस्तू.

श्रोते तीन प्रकारचे. पहिल्या रांगेत ज्यांना बोलायचं आहे ते. मधे हजेरी लागणार या बोलीवर आणलेले विद्यार्थी. शेवटच्या रांगेत दाराजवळ साध्या वेशातले एक गृहस्थ. फलकावर ‘पुरोगामी’ हा शब्द दिसला की ते येतात. वही काढून प्रत्येक वाक्य टिपतात, ‘संरचनात्मक विषमता’ कशी लिहायची हे शेजारच्या मुलाला विचारून घेतात आणि शेवटपर्यंत थांबतात. लेखक ज्या सामान्य वाचकाच्या शोधात आठशे-नऊशे किलोमीटर आलेला असतो, तो हाच. एका लेखकाला मी तसं सांगितलंही. त्यानं गहिवरून त्यांना पुस्तकाची प्रत सप्रेम भेट दिली. गृहस्थांनी तीही अहवालाला जोडली असणार.

मग भाषण सुरू होतं. विषय असमान विनिमयाचा असेल तर चाळीस मिनिटं जातात : केंद्र आणि परिघ, कच्चा माल आणि पक्का माल, व्यापाराच्या अटी. भाषण संपल्यावर मागे बसलेला एखादा म्हातारा उठतो आणि म्हणतो, “म्हंजे मीठ-चारोळी ना जी?” भामरागडकडच्या जुन्या माणसांना हा धडा पाठ आहे. डॉ. प्रकाश आमटे १९७३ साली तिथल्या हेमलकशाला गेले, त्या काळात व्यापारी मीठ द्यायचे आणि बदल्यात माडिया आदिवासी माणसाकडून चारोळी न्यायचे. मिठाचा भाव काय आणि चारोळीचा काय, हे शहरातल्या कोणत्याही गृहिणीला विचारा. म्हाताऱ्यानं एका वाक्यात प्रकरण संपवल्यावर लेखक म्हणतो, “अगदी बरोबर, हेच मी दुसऱ्या प्रकरणात सविस्तर मांडलं आहे.” सविस्तर हाच तर घोटाळा आहे.

लांबीचा हा रोग जगभर आहे. थॉमस पिकेटी या फ्रेंच अर्थतज्ज्ञाचं भांडवलावरचं जाडजूड पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आलं आणि धडाधड खपलं. विषमता कशी वाढते यावर पुरोगामी गटातलं एवढं गाजलेलं दुसरं पुस्तक अलीकडे झालं नाही. त्याच वर्षी जॉर्डन एलेनबर्ग नावाच्या गणितज्ञानं एक खट्याळ हिशेब केला. ई-पुस्तक वाचणारे ज्या ओळी सर्वांत जास्त अधोरेखित करतात त्या कोणत्या पानांवर आहेत, हे त्यानं पाहिलं. पिकेटीच्या सुमारे सातशे पानांत लोकांची पेन्सिल २६व्या पानापुढे गेलेली नव्हती. एलेनबर्गनं हे गंमत म्हणूनच मांडलं, पण अर्थशास्त्राच्या लेखकांना त्यात गंमत दिसली नाही.

आमच्या तेंदूच्या फळीवर हा माल पास झाला नसता. फळी म्हणजे पानं मोजून घेण्याची जागा. पहाटे अंधारात जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी आणून सगळ्या घरादारानं बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर न्यायचे. एका पुड्यात पानं ७०, आणि अशा १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर मुन्शी असतो. तो पुडा हातात घेऊन वजनावरून पानं किती ते ओळखतो, पानं फाटकी असली तर बाजूला टाकतो. ज्याची २६च पानं वापरात येणार आहेत, असा पुडा बांधून नेला तर मुन्शी वर मान करून बघणारसुद्धा नाही. पुडे आणलेली बाईसुद्धा मुन्शीवर डोळा ठेवून असते. त्यानं शंभराऐवजी अठ्ठ्याण्णव लिहिले तर ती तिथून हलत नाही. दोन्ही बाजू मोजतायत, दोन्ही बाजू एकमेकांवर संशय घेतायत. यालाच पाठ्यपुस्तकात ‘बाजारपेठेतील परिपूर्ण माहिती’ म्हणतात, आणि तिथे खाली तळटीप असते की अशी स्थिती प्रत्यक्षात आढळत नाही.

पानापानांतही फरक असतो, हे सरकारनं दाखवून दिलं. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा छापील पुस्तकावर कर शून्य आणि तेंदूच्या पानावर १८ टक्के. म्हणजे मजुरांवर लिहिलेलं पान करमुक्त, मजुरानं तोडलेलं पान करपात्र. मजुराच्या कष्टांवर कवितासंग्रह काढला असता तरी चाललं असतं, विडी वळायची तेवढी सोय नव्हती. २०२५च्या सप्टेंबरात तेंदूपानावरचा कर ५ टक्क्यांवर आला. शून्यापर्यंत यायला त्यावर काहीतरी छापावं लागेल.

आता या लेखकांच्या पुस्तकाचा कागद बघा. आपल्या बोटांना जो कागद लागतो तो शेजारच्या बल्लारपूरचाच असेल असं मी म्हणत नाही, पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या आणि पुढे आष्टीच्या कागद गिरणीत गेला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बांबू ट्रकमध्ये बसून जायचा, त्याचा लगदा व्हायचा, लगद्याचा कागद, कागदाचं पुस्तक, आणि पुस्तक परत इथे येऊन सांगायचं की तुमचा कच्चा माल स्वस्तात बाहेर जातो. ही बातमी आम्हाला साडेचारशे रुपयांना पडते.

बांबूची स्वतःची कहाणी तर कुठल्याही विनोदी लेखकाला लाजवील अशी आहे. वनस्पतिशास्त्र सांगतं की बांबू हे गवत. १९२७च्या भारतीय वन कायद्यानं व्याख्या केली की बांबू हे झाड. झाड म्हटलं की ते सरकारचं. गवतानं तक्रार केली नाही, कारण गवताला अपिलाची तरतूद नव्हती. २००६च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपजाच्या यादीत बसवलं आणि गौण वनोपजावर मालकी दिली वननिवासींना. तोवर गौण म्हणजे दुय्यम अशीच इथल्या बांबूची समजूत होती. पण कायद्यात गौण झाल्यावरच त्याला भाव आला. पुढे २०१७ साली वटहुकूम काढून जंगलाबाहेरच्या बांबूला झाडपणातून मुक्त केलं. जंगलाच्या आतला मात्र अजून दोन्ही बाजूंनी विचारात पडलेला असतो.

धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं शंभरेक घरांचं गोंड गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावची. २००९ साली या गावाला अठराशे हेक्टरांच्या वर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. हक्क मिळाला, बांबू मिळाला, पण तो गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या टेबलाच्या खणात. म्हणजे बांबू तुमचा, पण रस्त्यावर आला की त्याचा बाप दुसरा. शेवटी एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

माझं स्पष्ट मत आहे की गडचिरोली जिल्ह्यात अर्थशास्त्राच्या पुस्तकाचं एवढं थाटात प्रकाशन ना आधी झालं ना नंतर. प्रमुख पाहुणे केंद्रातले, अध्यक्ष राज्याचे. लेखक कोणी नाही, प्रस्तावना नाही, मलपृष्ठावर मान्यवरांचा अभिप्राय नाही. आत नुसते रकाने : माल कोणता, नग किती, कुठून कुठे, सही. पण ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वापरलं जाणार होतं, आणि संपलं की दुसरं लागणार होतं. दुसऱ्या आवृत्तीची इतकी खात्री कोणत्या अर्थतज्ज्ञाला आहे?

हे गाव काही मंत्री आले म्हणून शहाणं झालेलं नाही. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं तिथे वर्षानुवर्षं अभ्यासगट चालले. गावकरी बसणार, बाहेरून कोणी जाणता माणूस आला तर त्यालाही बसवणार, एक विषय घेणार आणि सोलून काढणार. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीनं. बहुमत चालत नाही. देवाजी तोफांसारखा पुढारी असला तरी एखाद्या म्हातारीला पटलं नाही तर विषय पुढच्या बैठकीला. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ लिहिलं त्यात ही सगळी रीत आली आहे, आणि मराठीत सामान्य वाचकाला अर्थशास्त्र सांगणारं पुस्तक कसं असावं याचा तो नमुना आहे. कारण त्यात अर्थशास्त्र हा शब्द शोधावा लागतो आणि माणसं मात्र पानोपानी सापडतात. प्रकाशकांनी ही सर्वसहमतीची अट आपल्या संपादक मंडळाला लावून पाहावी. निम्मी पुस्तकं निघणार नाहीत आणि झाडं, म्हणजे गवत, वाचेल.

पुस्तकाच्या प्रचाराची खरी जुनी मराठी रीतसुद्धा ही बसून ऐकण्याचीच आहे. लोकहितवादींनी १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ काढून अर्थशास्त्र मराठीत आणलं, पण ते वाचायला वाचता येणारा माणूस लागत होता. जोतीराव फुल्यांनी ती अडचण ओळखली. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून झाला, तेव्हा ते हस्तलिखित घेऊन निघाले आणि मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवलं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकलं. कर, कर्ज, पाणी, गुरं, शिक्षण, नोकरशाही असं सगळं अर्थशास्त्र, आणि प्रकाशनाआधीच प्रचार पूर्ण. पुढची गंमत प्रत्येक लेखकाच्या ओळखीची आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या ‘दीनबंधू’ वृत्तपत्रानं पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढचं छापायला नकार दिला. जोतीरावांनी छापखानेवाल्यांना भेकड ठरवलं. लेखक आणि प्रकाशक यांच्यातल्या नात्यात त्यानंतर फारसा बदल झालेला नाही, एवढंच की आता भेकड हा शब्द लेखक मनात म्हणतो.

आमच्या जिल्ह्यात पुढे आलेल्या माणसाचं आणखी एक उदाहरण. डॉ. अभय बंग गडचिरोलीला येण्याआधी वर्ध्याकडे होते. मजुराची किमान मजुरी दिवसाला ४ रुपये धरणारा सरकारच्या पागे समितीचा हिशेब त्यांनी मजुराच्या ताटापासून पुन्हा मांडला, आणि आकडा १२ रुपयांवर आला. सरकारला मजुरी वाढवावी लागली. ८ रुपयांचा फरक एका कागदावरच्या बेरजेनं पडला. त्या बेरजेला कोणी ‘सोप्या भाषेत’ म्हटलं नाही, कारण तिच्यात भाषाच कमी होती.

एवढा इतिहास सांगून मी प्रत्येक लेखकाला एक सूचना करतो. हॉल सोडा, झाडीपट्टीत या. दिवाळी ते होळी आमच्या चार जिल्ह्यांत रात्री माणूस घरी सापडत नाही, कारण तो नाटकाला गेलेला असतो. वडशाच्या रस्त्यावर नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीनं उभी आहेत. गावचं मंडळ कंपनी ठरवतं, मंडईची जत्रा किंवा शंकरपटाची बैलशर्यत धरून तारीख काढतं, लेकी-जावयांना बोलावणी जातात, मंडप पडतो, तिकिटं विकली जातात. प्रयोग रात्री दहाला सुरू होतो आणि कोंबडं आरवेपर्यंत चालतो. सरकारी अनुदानाची वाट न पाहता चालणारा एवढा मोठा मराठी व्यवसाय दुसरा दाखवा. झाडीपट्टीचे विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्रानं नकाशात वडसा शोधला.

तेव्हा पुस्तकाचं प्रकाशन झाडीपट्टी पद्धतीनं व्हावं. प्रयोगाच्या दिवशी जीपवर भोंगा बांधून गावोगाव पुकारा : ‘आज रात्री ठीक १० वाजता! तीन अंकी, काळीज पिळवटून टाकणारं, कौटुंबिक अर्थशास्त्र!’ नाव ‘नवउदारमतवादाची चिकित्सा’ वगैरे अजिबात नको. नाव असावं ‘सांग ठेकेदारा, माझा पुडा कुठं गेला?’ किंवा ‘रॉयल्टीनं मोडला संसार’. पुढच्या खुर्च्यांचं तिकीट महाग, मागे सतरंजीवर स्वस्त, म्हणजे विषमतेचा पहिला धडा दारातच होतो.

पहिल्या अंकात घरात एक पाहुणा येतो. नाव जीडीपी. तो प्रत्येक प्रवेशाला थोडा आणखी जाड होऊन येतो आणि घरातल्या लोकांना म्हणतो, “अभिनंदन, आपण वाढलो!” घरातली माणसं आपापल्या ताटात बघतात. ताट तेवढंच असतं. या जागेवर हार्मोनियमवाल्यानं फक्त एक सूर धरायचा, बाकी प्रेक्षक बघून घेतात. दुसऱ्या अंकात सरासरीचा प्रवेश. ठेकेदार आणि नऊ मजूर एका रांगेत उभे. सरकारी माणूस येऊन दहांचं उत्पन्न एकत्र करतो, दहानं भागतो आणि जाहीर करतो की इथला प्रत्येक माणूस लखपती आहे. मजूर एकमेकांना पेढे भरवतात. पेढ्यांचे पैसे कोण देणार यावर भांडण होतं आणि अंक पडतो. मधे एक लावणी लागतेच. तिचा विषय जीएसटी ठेवावा, कारण तोही दर थोड्या वेळानं रूप बदलून येतो.

लेखकाला बोलायला दहा मिनिटं, तिसऱ्या अंकाच्या आधी, रात्री अडीचच्या सुमाराला. अडीच वाजता जो माणूस जागा राहून ऐकतो तो तुमचा खरा वाचक. रटाळ बोललात तर शिट्ट्या पडतील. हॉलमध्ये शिट्ट्या पडत नाहीत, म्हणून अर्थशास्त्रज्ञांची भाषा सुधारत नाही.

ही सूचना ऐकून बहुतेक लेखक हसतात आणि विषय बदलतात. एक जण मात्र म्हणाला, “नाटक राहू द्या, पण मला खऱ्या ग्रामसभेत न्या.” पुस्तक मजुरांच्या शोषणावर होतं, चांगलं होतं, आणि माणूसही सरळ होता. मी त्याला आडबाजूच्या एका गावात नेलं. जानेवारी होता, धान घरात आलेलं होतं, लोकांना वेळ होता. तेंदूचा लिलाव हे गाव अनेक वर्षांपासून स्वतःच करतं. लेखकानं अर्धा तास शोषणाची यंत्रणा समजावली : उत्पादकाला आपल्या मालाचा भाव ठरवता येत नाही, मोजमाप दुसऱ्याच्या हाती असतं, आणि मधले लोक वाटा खातात. लोक मन लावून ऐकत होते. संपल्यावर पुढे बसलेल्या एका बाईनं पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

“कितीले जी हे?”

“साडेचारशे रुपये.”

“त्यातले तुमाले किती भेटते?”

“दहा टक्के. पंचेचाळीस रुपये.”

“बाकीचे?”

लेखकानं सांगितलं : कागद, छपाई, प्रकाशक, वितरक, दुकानदार. बाईनं मान हलवली. हे तिला नवीन नव्हतं.

“छापले किती?”

“प्रकाशक म्हणतात, पाचशे.”

“तुमी मोजले?”

“नाही. ते... तसं कोणी मोजत नाही.”

“विकले किती?”

“ते वर्षाअखेरीला कळवतात. म्हणजे, कळवायचं असतं.”

“मागच्या पुस्तकाचं कळवलं का जी?”

लेखक माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे बघू लागलो. गोंडीत आपसांत काहीतरी बोलणं झालं आणि सगळे हसले. लेखकानं अर्थ विचारला, कोणी सांगितला नाही. मग ग्रामसभेचा अध्यक्ष गंभीर होऊन म्हणाला, “सर, तुमी सांगितलं ते सारं बरोबर आहे. भाव दुसरा ठरवते, मोजणी दुसऱ्याच्या हाती, मंदातले लोक वाटा खाते. हे पुस्तक तुमी तुमच्यावरच लिवलं का?”

लेखकानं प्रामाणिकपणे सांगितलं की असा विचार त्यानं केला नव्हता. मग तोच प्रश्न विचारू लागला : लिलाव कसा करता, करारात काय लिहून घेता, आगाऊ रक्कम किती, ठेकेदार पळाला तर काय. गावकरी सांगत होते आणि तो वहीत टिपत होता. त्याला एवढा वेळ लिहिताना मी भाषणाच्या तयारीतही पाहिलं नव्हतं. चर्चा संध्याकाळपर्यंत चालली. ठराव झाला तो सर्वसहमतीनं : एक, पुस्तकाची एक प्रत गावानं विकत घ्यावी आणि अभ्यासगटात मोठ्यानं वाचावी. दोन, लेखकांनी आपली ग्रामसभा काढावी, कारण एकटा माणूस फळीवर गेला की नाडला जातो. तीन, पुढच्या पुस्तकाचा करार करायच्या वेळी गावातल्या दोन बाया सोबत न्याव्यात, जाण्यायेण्याचा खर्च लेखकाकडे.

लेखकानं अडचण सांगितली. प्रकाशक जुने आहेत, नावाजलेले आहेत, त्यांच्यासमोर हिशेबाचं बोलायला संकोच वाटतो.

बाईनं साडेचारशे रुपये मोजून त्याच्या हातावर ठेवले, त्याला परत मोजायला लावले, आणि म्हणाली, “तुमी नका बोलू जी. तुमच्या मुन्शीले आमी पाहून घेतो.”